दारापासून दारापर्यंत



मी इतिहासाची अभ्यासक नाही. प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई आहे. मॉरिशसमध्ये बरीच वर्षे मराठी शिकवले, आणि यजमानांची नोकरी बहरीनच्या विमानतळावर लागल्यापासून मनामा शहरातल्या गुदैबिया भागात राहते. इथल्या एका शाळेत लहान मुलांना गणित आणि परिसर अभ्यास शिकवते. स्मरणिकेच्या मंडळाने लेख मागितला, तेव्हा वाटले की आपण काय लिहिणार? मग वर्गातच एक प्रसंग घडला आणि लेखाचा विषय मिळाला.

चौथीच्या मुलांना अंतर, वेळ आणि वेग शिकवत होते. फळ्यावर उदाहरण घातले : लंडन ते पॅरिस हे अंतर ३४४ किलोमीटर आहे. विमानाला सव्वा तास लागतो. तर विमानाचा सरासरी वेग किती? मुलांनी भागाकार केला. उत्तर आले ताशी सुमारे २७५ किलोमीटर. उत्तर बरोबर होते. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "टीचर, माझे बाबा म्हणतात विमान ताशी आठशे किलोमीटर जाते. मग हे विमान एवढे हळू का?"

मी सांगितले की वेळापत्रकातला वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागी थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, खाली उतरणे हे सगळे त्यात येते. अंतर कमी असेल तर पूर्ण वेगाने उडायला विमानाला फारसा वेळच मिळत नाही. त्यावर शेजारची मुलगी म्हणाली, "आम्ही कोचीला जातो तेव्हा तिकिटावर साडेचार तास लिहिलेले असते. पण आम्ही घरातून संध्याकाळी निघतो आणि आजीच्या घरी दुसऱ्या दिवशी जेवायला पोहोचतो."

वर्ग हसला. मी मात्र गप्प झाले. मला माझी आजी आठवली.

आजीचे तीन महिने

मॉरिशसच्या पश्चिमेला, काळ्या नदीच्या बाजूला आमचे घर होते. रात्री अंगणात बसून आजी सांगायची, "आपला माणूस तीन महिन्यांनी इथे पोचला." आपला माणूस म्हणजे माझे खापरपणजोबा. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रत्नागिरी जिल्ह्यातून आले. "तीन महिने पाणी आणि आभाळ" असे आजी म्हणायची. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकायला मिळाले असेल.

पुढे मी शिक्षिका झाले आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदवह्या पाहायला गेले. तिथे शर्तबंद मजुरांची नोंद आहे. तेव्हा कळले की मुंबईहून पोर्ट लुईला येणारे शिडाचे जहाज साधारण महिना ते दीड महिन्यात पोहोचत असे. कलकत्त्याहून येणाऱ्यांना जास्त वेळ लागायचा. आमच्या माणसाचे जहाजही त्याच हिशेबात बसत होते. मला थोडे वाईट वाटले. आजीने वाढवून सांगितले की काय?

पुष्कळ वर्षे मी तसेच समजत होते. मुंबई ते मॉरिशस सरळ रेषेत सुमारे ४,७०० किलोमीटर आहे. जहाजाला ४० दिवस लागले असे धरले तर दिवसाला ११७ किलोमीटर, म्हणजे ताशी पाच किलोमीटर पडतात. शाळेत चालत जाणाऱ्या मुलाचा वेगही जवळपास एवढाच असतो. जहाज अर्थातच सरळ रेषेत जात नव्हते. वारा जिकडे नेईल तिकडून वळसे घेत जायचे, म्हणून त्याचा खरा वेग जास्त होता. पण नकाशावर आपले पूर्वज मुंबईहून मॉरिशसला चालण्याच्या वेगाने आले, असे म्हटले तर चूक होणार नाही. आज तेच अंतर विमान सुमारे साडेसहा तासांत कापते. म्हणजे प्रवास जवळपास दीडशे पट जलद झाला.

त्या कोचीच्या मुलीमुळे मला आजीचा हिशेब नव्याने करावासा वाटला. आजी दोन बंदरांमधला वेळ सांगत नव्हती. ती दारापासून दारापर्यंतचा वेळ सांगत होती.

तो वेळ असा जात असे. कोकणातल्या गावातून आधी चालत खाडीपर्यंत यायचे. तिथून पडावाने किंवा गलबताने मुंबई गाठायची. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरची लहान जहाजे बंद असत. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावरच समुद्र खुला होई. म्हणून बहुतेकांनी दसऱ्याच्या सुमारास घर सोडले असेल. जे घाटावरचे होते, सातारा-कोल्हापूरकडचे, त्यांना तर आधी सह्याद्री उतरावा लागला. मुंबईला पोहोचल्यावर लगेच जहाज नसे. डेपोत राहायचे, डॉक्टरची तपासणी व्हायची, कराराचा कागद वाचून दाखवला जायचा, अंगठा उठवायचा आणि जहाज भरेपर्यंत थांबायचे. मग समुद्र.

समुद्र संपला तरी प्रवास संपत नव्हता. जहाजावर पटकी किंवा देवी निघाली तर बंदरात शिरण्याची परवानगी मिळत नसे. १८५६ च्या सुरुवातीला कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरच्या लोकांना मॉरिशसच्या उत्तरेकडील फ्लॅट आणि गॅब्रिएल या उजाड बेटांवर उतरवण्यात आले. त्यांतले शेकडो लोक तिथेच मेले. त्यांना मॉरिशसचे डोंगर समोर दिसत होते. काही मैलांचेच अंतर उरले होते, पण ते त्यांना कधीच कापता आले नाही.

ज्यांना उतरू दिले ते पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढले. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. आज तो आप्रवासी घाट म्हणून जगाला माहीत आहे, आणि २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथे दोन दिवस ठेवून प्रत्येकाला क्रमांक मिळे, नोंद होई, मालक ठरे. मग पुन्हा चालत साखरेच्या मळ्यापर्यंत जायचे. कॅम्पात झोपडी मिळाली की प्रवास संपला.

घर ते खाडी, खाडी ते मुंबई, डेपो, जहाज, घाट, मळा यांची बेरीज करा. तीन महिने सहज होतात. म्हणजे माझी आजी बरोबर होती आणि नोंदवहीही बरोबर होती. दोघींनी वेगवेगळ्या ठिकाणाहून घड्याळ लावले होते, एवढेच.

आणि घड्याळ कुठे लावायचे हे महत्त्वाचे आहे. आज कोकणातल्या घरातून निघून मॉरिशसच्या घरी पोहोचायला गाडी, विमानतळ, विमान, पुन्हा गाडी असे धरून ३० तास लागतात असे समजू. तीन महिने म्हणजे २,१६० तास. त्याला ३० ने भागले तर ७२ येतात. विमानाच्या आकड्यांवरून प्रवास दीडशे पट जलद झाला असे दिसते. दारापासून दारापर्यंत मोजले तर तो त्याच्या निम्म्यानेच जलद झाला आहे. हे गणित मी वर्गात घातले, आणि मुलांना लंडन-पॅरिसपेक्षा ते जास्त आवडले.

लंडन-पॅरिसचीही तीच गोष्ट आहे. २५ ऑगस्ट १९१९ रोजी त्या दोन शहरांमध्ये रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा सुमारे अडीच तास लागत. आज विमानाला त्याच्या निम्मा वेळ लागतो. पण १९९४ साली समुद्राखालच्या बोगद्यातून आगगाडी सुरू झाली. ती शहराच्या मध्यातून निघून शहराच्या मध्यात सुमारे सव्वादोन ते अडीच तासांत पोहोचवते. विमानतळावर जाण्या-येण्याचा आणि तपासणीचा वेळ मिळवला तर पुष्कळदा गाडीच आधी पोहोचते. मुंबई ते रत्नागिरी हे अंतर रस्त्याने साधारण एवढेच आहे. त्या अंतराला आपल्या पूर्वजांचे किती दिवस गेले असतील, याचा विचार करून पाहा.

बहरीनच्या वाटेवर

मॉरिशसचे लोक बहरीनचे नाव फारसे घेत नाहीत. पण प्रवासाच्या इतिहासात या लहानशा बेटाचे स्थान मोठे आहे, आणि आपल्या मुंबईशी त्याचे नाते जुने आहे.

१८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या टपाल बोटी मुंबईहून कराची, मस्कत करत आखातात येऊ लागल्या. बहरीनचा समुद्र उथळ आहे, म्हणून बोट लांब नांगर टाकून उभी राही आणि माणसे, पेट्या, तांदळाची पोती होड्यांतून किनाऱ्यावर येत. मुंबईहून इथे पोहोचायला वाटेतली बंदरे धरून आठवडा किंवा त्याहून जास्त लागे. गरीब माणूस डेकवर आपली वळकटी पसरून प्रवास करी. या मार्गावरची शेवटची बोट 'द्वारका' १९८२ साली बंद झाली, म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही. इथल्या वयस्कर भारतीयांत त्या डेकवरून आलेले लोक अजून भेटतात. बहरीनमध्ये १९६५ पर्यंत व्यवहारही रुपयांतच होत होता.

मग विमान आले. लंडनहून भारताकडे येणारी इम्पिरियल एअरवेजची सेवा १९२९ साली सुरू झाली. आधी ती इराणच्या किनाऱ्याने जाई. १९३२ च्या ऑक्टोबरात ती अरबस्तानच्या किनाऱ्याकडे वळवण्यात आली आणि बहरीनच्या मुहर्रक बेटावर 'हॅनिबल' नावाचे चार इंजिनांचे, दुहेरी पंखांचे विमान उतरले. त्यात २४ माणसे बसत. त्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास होता. ते रात्री उडत नसे. उतारू वाटेत मुक्काम करत करत सुमारे आठवड्याने कराचीला पोहोचत.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या विमानाने निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. लंडनचे पत्र बहरीनवरून कराचीला आणि तिथून टाटांच्या विमानाने मुंबईला, अशी साखळी त्या एका महिन्यात जोडली गेली. माझे यजमान रोज ज्या मुहर्रकला कामावर जातात, तिथून हा धागा मुंबईपर्यंत जातो, याची मला फार गंमत वाटते.

आपल्या मॉरिशसचाही यात थोडा भाग आहे. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, रियुनियन बेटावरून आलेले पहिले विमान मों शुआझीच्या मैदानावर उतरले. १९५२ साली ऑस्ट्रेलियाहून दक्षिण आफ्रिकेला जाणारी क्वांटासची विमाने मॉरिशसला थांबू लागली. त्याआधीच्या काळात बाहेरच्या जगाशी आपला संबंध मुख्यतः बोटीचा होता.

बहरीनमध्ये १९५० साली गल्फ एव्हिएशन नावाची लहान कंपनी सुरू झाली. तीच पुढे गल्फ एअर झाली. आणि २१ जानेवारी १९७६ रोजी आवाजाहून जलद उडणारे काँकॉर्ड विमान उतारू घेऊन लंडनहून निघाले ते थेट बहरीनला आले. पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर त्याने चार तासांच्या आत कापले. ब्रिटिश एअरवेजच्या काँकॉर्डची ती पहिलीच प्रवासी फेरी होती. ते विमान फार महाग पडले आणि तो मार्ग काही वर्षांतच बंद झाला. आज लंडनहून बहरीनला येणाऱ्या विमानाला पुन्हा साडेसहा तास लागतात. प्रवास नेहमी पुढेच जातो असे नाही. कधी कधी तो मागेही येतो.

दीडशे किलोमीटर आणि दोन वर्षे

अंतर फक्त किलोमीटरांत मोजता येत नाही, हे मला गुदैबियाने शिकवले.

बहरीनहून कतारची राजधानी दोहा सुमारे दीडशे किलोमीटर आहे. विमान वर चढते न चढते तोच खाली उतरते. पण जून २०१७ मध्ये दोन्ही देशांचे संबंध तुटले आणि थेट विमाने बंद झाली. ज्यांना जायचेच होते ते मस्कत किंवा कुवेतवरून वळसा घालून जात. पाऊण तासाचा प्रवास अर्ध्या दिवसाचा झाला. मे २०२३ मध्ये थेट विमाने पुन्हा सुरू झाली. समुद्र तेवढाच होता, बेटे जागच्या जागी होती. बदलले होते ते कागद.

आमच्या इमारतीच्या खाली, कोल्ड स्टोअरच्या शेजारी, एक शिंपी आहेत. खेड तालुक्यातले कोकणी मुसलमान. मी मराठीत बोलले तेव्हा त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मॉरिशसमध्ये मराठी बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हते. मी एकदा सहज म्हटले, "तुमचे बरे आहे, मुंबई साडेतीन तासांवर." ते हसून म्हणाले, "ताई, विमानाला साडेतीन तास. मला दोन वर्षे."

त्यांच्या करारात घरी जाण्याची रजा आणि तिकीट दोन वर्षांनी मिळते. मधे जायचे तर पदरचे पैसे आणि बुडालेला पगार. धाकट्या मुलीच्या लग्नाला ते गेले, पण वडील गेले तेव्हा जाता आले नाही. मुंबई ते बहरीन सुमारे २,४०० किलोमीटर आहे. त्यांच्यासाठी ते अंतर रजेच्या अर्जाएवढे आहे.

आपल्या पूर्वजांचा करार पाच वर्षांचा होता. सुरुवातीच्या काळात पाच वर्षे भरली की परतीचे भाडे मिळत असे. १८५० च्या सुमारास ती सवलत काढून घेण्यात आली. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे भारतातून मॉरिशसला आली. त्यांतली साधारण एक तृतीयांश परत गेली. उरलेली राहिली. काही खुशीने राहिली, काहींकडे भाडे नव्हते, काहींना परत जाऊन दाखवण्यासारखे काही उरले नव्हते. आपण या राहिलेल्यांची मुले आहोत. शताब्दीच्या कार्यक्रमात आपण पूर्वज आले त्याबद्दल बोलतो. ते परत का गेले नाहीत, हे विचारायला मात्र आपण थोडे कचरतो. शिंप्यांच्या त्या एका वाक्याने मला ते विचारायला लावले.

मी आजच्या माणसाची आणि तेव्हाच्या मजुराची बरोबरी करत नाही. शिंप्यांच्या हातात फोन आहे, ते रोज रात्री नातवाचा चेहरा पाहतात. आपल्या पणज्यांना गावाकडचे मरण कळायलाही महिने लागत, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना ते कळलेही नसेल. तार तर मॉरिशसला १८९३ मध्ये आली. पण दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. अंतर किती आहे हे नकाशा ठरवत नाही, कागद ठरवतो.

धामणी

आता माझ्या स्वतःच्या प्रवासाविषयी सांगते, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला.

मोक्याच्या नोंदवहीत खापरपणजोबांचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात आणि जिल्हा लिहिला आहे. गावाच्या जागी इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे काहीतरी लिहिले आहे. अनेक वर्षे मला ते लागत नव्हते. मी तो कागद शिंप्यांना दाखवला. त्यांनी दोन-तीनदा मोठ्याने वाचून पाहिले आणि म्हणाले, "धामणी असेल. संगमेश्वर तालुक्यात धामणी आहे. पण ताई, त्या नावाची गावे आणखीही आहेत. घाटावरही आहेत."

मागच्या हिवाळ्याच्या सुट्टीत मी जायचे ठरवले. रात्री दहाला गुदैबियातून निघाले. इथे दहा वाजतात तेव्हा मॉरिशसला अकरा आणि भारतात साडेबारा वाजलेले असतात. पहाटेच्या अंधारात विमान निघाले, सकाळी मुंबईला उतरले. पुढची गाडी कोकण रेल्वेची. ही रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. ती बांधण्याआधी त्या डोंगरांतून आगगाडी नव्हतीच. बोगद्यामागून बोगदा येत होता आणि मी मनात म्हणत होते की ज्या डोंगरांना वळसा घालून आमचा माणूस खाडीवर उतरला असेल, त्यांच्या पोटातून मी चालले आहे. संगमेश्वर रोडला उतरून रात्री एका ओळखीच्या घरी राहिले आणि सकाळी रिक्षाने धामणीला पोहोचले. दारापासून दारापर्यंत दीड दिवस झाला नव्हता.

लाल माती, कौलारू घरे, आंब्याची कलमे. आजीच्या गोष्टीतले सगळे तिथे होते. एका अंगणात एक म्हातारी बाई भात वाळत घालत होत्या. मी नमस्कार केला, मॉरिशसहून आले असे सांगितले. त्यांनी मला ओटीवर बसवले, पाणी दिले, चहा टाकायला सांगितला. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला :

"कुठल्या वाडीतली गं तू? कोणाच्या घरातली?"

मला उत्तर देता आले नाही.

कोकणातले गाव म्हणजे एक वस्ती नसते. गावात वाड्या असतात, वाडीत घरे असतात, आणि माणूस ओळखला जातो तो वाडीवरून आणि घरावरून. नोंदवहीत जिल्ह्याला रकाना होता, गावाला रकाना होता. वाडीला रकाना नव्हता. आणि घराचे नाव, म्हणजे आडनाव, आपल्या कितीतरी घराण्यांसारखे आमचेही घाटावरच हरवले. पहिल्या माणसाचे नाव तेच पुढे साऱ्या वंशाचे आडनाव झाले. मॉरिशसमध्ये ते नाव सांगितले की सगळे ओळखतात. धामणीत ते नुसते एक नाव होते, तसे नाव असलेली माणसे तिथे कितीतरी होऊन गेली असतील.

त्या बाईंनी शेजारच्या दोघा-तिघांना बोलावले. कोणी म्हणाले, "आमच्यातला एक जण बोटीवर गेला तो आलाच नाही, असे आजोबा सांगायचे." कोणी म्हणाले, तो मुंबईला गिरणीत गेला होता. कदाचित तो आमचा असेल. कदाचित धामणीच आमची नसेल. मी तिथे जेवले, कुळथाचे पिठले आणि भात. निघताना बाईंनी ओटी भरली आणि म्हणाल्या, "आमची नसलीस तरी कोणाची तरी आहेसच ना."

परतीच्या विमानात मी फार रडले नाही. पण एक गणित मनात पक्के झाले. ४,७०० किलोमीटर समुद्र विमानाने संपवला. सह्याद्री रेल्वेने संपवला. शेवटी उरले ते रस्त्यापासून एका दारापर्यंतचे शे-दोनशे पावलांचे अंतर. ते कोणत्याही यंत्राने संपणार नाही. ते फक्त एका शब्दाने संपले असते, आणि तो शब्द आजीला ठाऊक असावा असे मला आज वाटते. ती काहीतरी वाडी म्हणायची. आम्ही मुले झोपेत असायचो. कोणी लिहून ठेवले नाही.

एक विनंती

शताब्दी म्हटली की आकडा शंभराचा असतो. आपली वाट त्याहून जुनी आहे. १८३४ च्या २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिली छत्तीस माणसे उतरली, त्या दिवसाची आपण मॉरिशसमध्ये सुट्टी पाळतो. एवढ्या पिढ्यांनंतरही आपल्यात झाकरी आहे, गणपती आहे, देवघरात जुन्या नावाचा देव आहे. कोकणात जिला जाखडी म्हणतात तीच आपली झाकरी, हे मला धामणीच्या रिक्षावाल्याने सांगितले. म्हणजे सगळेच हरवलेले नाही.

म्हणून शिक्षिकेच्या सवयीने एक गृहपाठ देते. घरात सत्तरीच्या पुढचे जे कोणी असेल त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. विचारा : गावाचे नाव काय सांगायचे? वाडीचे नाव कधी ऐकले का? कुलदैवत कोणते? लग्नात कोणत्या देवाला नारळ ठेवतात? जुने आडनाव कोणी उच्चारायचे का? जहाजाचे नाव, घाटावरचा क्रमांक, पहिला साखरमळा कोणता? झाकरीच्या गाण्यात डोंगराचे, नदीचे, खाडीचे नाव येते का? चुकीचे वाटले तरी लिहा. अर्धवट वाटले तरी लिहा. कारकुनाने चुकीचे लिहिलेले नावही गुदैबियातल्या एका शिंप्याने वाचून दाखवले, कारण ते निदान लिहिलेले तरी होते.

आणि कोणी तीन महिने म्हणाले तर त्यांना अडवू नका. घड्याळ कुठून लावले ते विचारा.

सुट्टीनंतर मी वर्गात गेले तेव्हा त्या मुलाने विचारले, "टीचर, तुमचे गाव किती लांब होते?" मी फळ्यावर किलोमीटर लिहिले, तास लिहिले. मग खाली एक रकाना रिकामा ठेवला आणि त्यावर 'वाडी' असे लिहिले. मुलांनी आपापल्या वहीत तो रकाना काढून घेतला. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांनी घरी विचारून तो भरून आणला होता.